एका दिवसाच्या दोन शपथा

२५ फेब्रुवारी १९८६ हा मंगळवार होता. त्या एका दिवशी फिलिपिन्स देशाच्या राजधानीत राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दोनदा घेतली गेली. सकाळी मनिला महानगरातील ‘क्लब फिलिपिनो’च्या दालनात श्रीमती कोराझोन अक्विनो यांनी, सासूबाईंनी हाती धरलेल्या बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. न्यायमूर्ती क्लॉडिओ तिहांकी यांनी ती दिली. दुपारच्या सुमारास मालाकान्यांग राजवाड्यात फर्डिनांड मार्कोस यांनीही त्याच पदाची शपथ घेतली. हा सोहळा घरोघरी दाखविणारे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण नेमके त्याच वेळी खंडित झाले. रात्री नवाच्या सुमारास अमेरिकन हेलिकॉप्टरांतून मार्कोस सहकुटुंब राजवाडा सोडून गेले आणि वीस वर्षे व जवळपास दोन महिने चाललेली एक राजवट संपली.

या घटनेची कथा सांगताना बहुधा शेवटचे चार दिवसच सांगितले जातात. हाती जपमाळ घेऊन रणगाड्यांसमोर गुडघे टेकणाऱ्या धर्मभगिनी आणि सैनिकांना फुले देणारी मुले हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. ते खरे आहे आणि हृदयस्पर्शीही आहे. परंतु सत्तेवर बसलेला माणूस मुदत संपली तरी खाली उतरणार नाही, ही भीती त्या लोकांच्या मनात प्रथम केव्हा आली, ती बोलून दाखविणाऱ्यांना काय उत्तर मिळाले आणि तेथील ख्रिस्तसभेने ती भीती कधी ओळखली, हा आधीचा इतिहास आम्हांला अधिक बोधप्रद वाटतो. म्हणून आरंभ तेथूनच करू.

मार्कोस हे बंदुकीच्या बळावर आलेले हुकूमशहा नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. नामांकित वकील, खासदार आणि सिनेटचे अध्यक्ष अशा पायऱ्या चढत ते १९६५ साली रीतसर निवडून आले. १९६९ साली लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा निवडून दिले. सलग आठ वर्षांहून अधिक काळ कोणीही राष्ट्राध्यक्षपदी राहू नये, असे त्या देशाच्या तत्कालीन राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेले होते. त्यानुसार मार्कोस यांची मुदत १९७३ च्या डिसेंबरअखेर संपणार होती. दिवस ठरलेला होता आणि तो सर्वांना ठाऊक होता. भीतीचे मूळही त्या ठरलेल्या दिवसातच होते. तो दिवस टळेल असा मार्ग राष्ट्राध्यक्ष शोधत आहेत काय, असे लोक एकमेकांना विचारू लागले.

१९७१ सालच्या जूनमध्ये नवी राज्यघटना तयार करण्यासाठी निवडून आलेल्या प्रतिनिधींची परिषद मनिलात भरली. जुन्या घटनेत दोष होते आणि सुधारणेची मागणीही प्रामाणिक होती. परंतु राष्ट्राध्यक्षीय पद्धतीऐवजी संसदीय पद्धत आणली, तर आठ वर्षांची मर्यादा आपोआप पुसली जाईल आणि मार्कोस पंतप्रधान म्हणून पुढे राहतील, ही शंका काही प्रतिनिधींना आली. त्यांनी ठराव मांडला की, विद्यमान राष्ट्राध्यक्षांना व त्यांच्या पत्नीला नव्या घटनेखाली हे पद घेता येऊ नये. ठराव फेटाळला गेला. १९७२ च्या मे महिन्यात एदुआर्दो किंतेरो नावाच्या वयोवृद्ध प्रतिनिधीने उभे राहून सांगितले की, प्रतिनिधींना पैशांची पाकिटे वाटली जात आहेत, आणि स्वतःला मिळालेली पाकिटे त्यांनी परिषदेच्या स्वाधीन केली. थोड्याच दिवसांत सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या घरावर छापा घातला आणि तेथे मोठी रोकड सापडल्याचे जाहीर केले. भ्रष्टाचार उघड करणाराच भ्रष्टाचारी ठरविला गेला.

त्याआधी २१ ऑगस्ट १९७१ रोजी मनिलातील प्लाझा मिरांडा येथे विरोधी पक्षाच्या सभेत बॉम्ब फुटले होते. माणसे मेली, नेते जखमी झाले. हे कृत्य कोणाचे, हा वाद आजही मिटलेला नाही. मार्कोस यांनी दोष साम्यवाद्यांवर ठेवला आणि विनाचौकशी अटकेविरुद्ध नागरिकाला असलेले न्यायालयीन संरक्षण तहकूब केले. सप्टेंबर १९७२ मध्ये सिनेटर बेनिग्नो अक्विनो, म्हणजे लोकांचे निनॉय, यांनी सिनेटमध्ये सांगून टाकले की, राजधानी व तिचा परिसर लष्कराच्या ताब्यात देण्याची योजना तयार झालेली आहे. असा इशारा देणाऱ्यांच्या वाट्याला उपहासच आला. ही विरोधकांची ओरड आहे, असे म्हणून पुष्कळ सज्जनांनीही कानाडोळा केला. सज्जन माणसाला दुसऱ्याच्या मनात एवढे वाईट असेल असे पटकन वाटत नाही, हे त्याचे भूषण आहे आणि काही वेळा तेच त्याच्या देशाचे दुर्दैव ठरते.

२३ सप्टेंबर १९७२ रोजी मार्कोस यांनी मार्शल लॉ जाहीर केला. जाहीरनाम्यावर तारीख २१ सप्टेंबरची होती. आदल्या रात्री संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले यांच्या मोटारीवर गोळीबार झाल्याचे कारण लोकांना सांगण्यात आले. १९८६ मध्ये एन्रिले यांनीच तो हल्ला बनावट होता असे सांगितले आणि पुढे आपल्या आठवणी लिहिताना ते विधान पुन्हा नाकारले. निनॉय अक्विनो यांना पहिल्या काही तासांतच अटक झाली. वृत्तपत्रे व नभोवाणी केंद्रे बंद झाली, संसदेला टाळे लागले.

यातील एक गोष्ट आम्हांला वारंवार विचार करावयास लावते. मार्कोस यांनी ‘मी जाणार नाही’ असे एकदाही म्हटले नाही. प्रत्येक पावलाला त्यांनी कायद्याचे वस्त्र नेसविले. मार्शल लॉ पुकारण्याचा अधिकार घटनेतच होता. नव्या घटनेला लोकांची संमती हवी होती, तेव्हा जानेवारी १९७३ मध्ये गोपनीय मतपेटीऐवजी वस्त्यावस्त्यांत सभा भरवून हात वर करावयास सांगितले गेले. बंदूकधारी शिपाई उभा असताना हात खाली ठेवण्याची छाती किती जणांना होईल? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च १९७३ रोजी सहा विरुद्ध चार मतांनी अर्ज फेटाळले गेले आणि नव्या घटनेचा मार्ग मोकळा झाला. त्या चार न्यायमूर्तींत क्लॉडिओ तिहांकी होते. तेरा वर्षांनी कोराझोनबाईंना शपथ देणारे न्यायमूर्ती ते हेच. डिसेंबर १९७३ चा ठरलेला दिवस उजाडला आणि मावळला. उतरण्याचा प्रश्न उरलाच नव्हता, कारण जिना काढून घेतलेला होता.

आणि ख्रिस्तसभा? येथे आपण आपल्या घराचीही झडती घेतली पाहिजे. फिलिपिन्स हा आशियातील सर्वांत मोठा कॅथोलिक देश. तेथील बिशपांचा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचत होता. तरीही १९७२ साली बिशप मंडळाने सावध भूमिका घेतली आणि लोकांना शांत राहण्यास सांगितले. रस्त्यांवरील गुंडगिरी थांबली, शहरे स्वच्छ दिसू लागली, म्हणून पुष्कळ भाविकही समाधानी होते. विरोधाचा आवाज निघाला तो प्रथम धर्मसंघांतून आणि मिंडानाओतील मालायबालायचे बिशप फ्रान्सिस्को क्लावेर यांच्यासारख्या मोजक्या बिशपांकडून. त्यांच्या धर्मप्रांताचे नभोवाणी केंद्र सरकारने १९७६ साली बंद पाडले. धर्मगुरूंना अटक झाली, परदेशी मिशनरींना देशाबाहेर काढले गेले. १९७४ साली मनिलाचे आर्चबिशप झालेले हायमे सिन यांनी चांगल्या कामात सहकार्य आणि वाईट कामावर टीका असे धोरण स्वीकारले. त्या धोरणामुळे काही कैदी सुटले, काही जीव वाचले, हे खरे. परंतु त्या काळात तुरुंगात ज्यांचे हाल झाले त्यांना ते धोरण फार संथ वाटले असेल, हेही मान्य केले पाहिजे. मार्शल लॉच्या काळात अन्याय झालेल्या ११,१०३ जणांना फिलिपिन्स सरकारने नेमलेल्या मंडळाने २०१८ साली नुकसानभरपाईस पात्र ठरविले. अर्ज तर त्याच्या कितीतरी पट आले होते.

१७ जानेवारी १९८१ रोजी मार्शल लॉ कागदोपत्री उठविण्यात आला, कारण पुढच्याच महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल येणार होते. वटहुकूम काढण्याचा अधिकार मात्र मार्कोस यांनी १९७६ च्या घटनादुरुस्तीने स्वतःकडे आधीच ठेवून घेतला होता. पोपमहोदयांनी मालाकान्यांग राजवाड्यात मार्कोस यांच्या समोरच सांगितले की, देशावर कितीही बिकट प्रसंग आला तरी माणसाच्या मूलभूत प्रतिष्ठेवर घाला घालण्याचे समर्थन होऊ शकत नाही. २१ ऑगस्ट १९८३ रोजी, प्लाझा मिरांडाच्या घटनेला बरोबर बारा वर्षे होत असताना, अमेरिकेतून मायदेशी परतलेल्या निनॉय अक्विनो यांना मनिलाच्या विमानतळावर, विमानातून उतरताच, गोळी घालून ठार करण्यात आले. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक आले. अकरा वर्षे मनात दाबलेली भीती त्या दिवशी रस्त्यावर आली, आणि आपण एकटे नाही हे प्रत्येकाला दिसले.

नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोस यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर अचानक मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. मतदान ७ फेब्रुवारी १९८६ रोजी ठरले. निनॉय यांच्या विधवा पत्नी उभ्या राहिल्या. राजकारणाचा अनुभव नसलेली गृहिणी, अशी त्यांची टवाळी झाली. परंतु या वेळी लोकांनी भीतीला कामाला लावले होते. १९८३ साली स्थापन झालेल्या ‘नामफ्रेल’ या नागरिकांच्या संघटनेचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक मतदानकेंद्रांवर उभे राहिले. त्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, धर्मगुरू आणि धर्मभगिनी होत्या. त्यांना कोणाला निवडून आणावयाचे नव्हते. पेटीत पडलेली मते तेवढी मोजली जावीत, एवढीच त्यांची मागणी. मतपेट्यांभोवती हात गुंफून सिस्टर उभ्या राहिल्या.

मते मोजताना दोन आकडे पुढे येऊ लागले. नामफ्रेलच्या मोजणीत अक्विनोबाई सुमारे ७८ लाख विरुद्ध ७० लाख अशा पुढे होत्या, तर सरकारी मोजणीने अखेरीस मार्कोस यांना सुमारे १ कोटी ८ लाख आणि अक्विनोबाईंना ९३ लाख मते दिली. ९ फेब्रुवारीच्या रात्री सरकारी मोजणीकेंद्रात संगणकावर काम करणाऱ्या ३५ कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले की, आपण भरलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे यांचा मेळ बसत नाही. त्यांनी काम थांबविले, कागद उचलले आणि त्या सभागृहातून सरळ चालत बाहेर पडले. त्यांतील बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. आश्रयासाठी त्यांना नेण्यात आले ते बाक्लारानच्या चर्चमध्ये.

बाक्लारान हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. परंतु माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला गेलेल्या प्रत्येकाला तेथे परके वाटणार नाही. निरंतर साहाय्य मातेची तीच प्रतिमा, तीच बुधवारची गर्दी. दोन्ही ठिकाणी ही नोव्हेना १९४८ सालीच सुरू झाली. योगायोग असा की, ज्या ९ फेब्रुवारीला त्या मुली मारियामातेच्या दाराशी आसऱ्याला गेल्या, त्याच रविवारी भारतभेटीवर आलेले पोप दुसरे जॉन पॉल मुंबईत होते आणि त्यांच्या दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत पोरवयातील आम्हीही होतो. मनिलात काय चालले आहे, याची आम्हांला वार्ताही नव्हती. पुढे सेमिनरीच्या वाचनालयात हा वृत्तान्त वाचताना त्या दोन गर्दींचे चित्र आमच्या मनात एकत्र झाले ते आजवर वेगळे झालेले नाही.

१२ फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. दुसऱ्याच दिवशी फिलिपिन्सच्या बिशप मंडळाने, कार्डिनल रिकार्दो विदाल यांच्या अध्यक्षतेखाली, पाळकीय पत्र प्रसिद्ध केले. ही निवडणूक फसवणुकीने भरलेली होती, आणि फसवणुकीने मिळविलेल्या सत्तेला नैतिक आधार नसतो, असा त्याचा आशय होता. अन्यायाचा प्रतिकार करा, पण तो अहिंसेने करा, असे त्यांनी सांगितले. १९७२ साली जे म्हणावयास हवे होते ते चौदा वर्षांनी का होईना, नि:संदिग्ध शब्दांत म्हटले गेले. १५ तारखेला संसदेने मार्कोस यांनाच विजयी घोषित केले.

२२ फेब्रुवारी हा संत पेत्राच्या आसनाचा सण. त्या शनिवारी संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल फिडेल रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली आणि थोड्या सैनिकांसह मनिलातील लष्करी छावण्यांत आश्रय घेतला. रात्री कार्डिनल सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’वरून लोकांना साद घातली की, छावण्यांपाशी जा, त्यांना अन्न द्या, रक्तपात होऊ देऊ नका. त्याआधी त्यांनी एकांतवासी धर्मभगिनींच्या मठांना दूरध्वनी करून प्रार्थना व उपवास करण्यास सांगितले होते. आशियातील अनेक भाषांतून, त्यात हिंदी व तमिळही, शुभवर्तमानाचे कार्यक्रम प्रसारित करणारे हेच ते केंद्र. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे प्रक्षेपण यंत्र सरकारी सैनिकांनी फोडले. तेव्हा दुसऱ्या केंद्रावरून आवाज पुढे चालू राहिला. एडसा नावाच्या हमरस्त्यावर लक्षावधी माणसे जमली. रविवारी दुपारी रणगाडे आले आणि माणसे बाजूला झाली नाहीत. चालकांच्याही घरी आया होत्या, जपमाळा होत्या. रणगाडे थांबले. गोळीबाराची परवानगी मागणाऱ्या सेनापतीला मार्कोस यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर नकार दिला, हेही इतिहासाने नोंदविले आहे आणि आपणही ते नोंदविले पाहिजे. मंगळवारी त्या दोन शपथा झाल्या. २८ सप्टेंबर १९८९ रोजी हवाई बेटांवर मार्कोस यांचे निधन झाले.

कथा येथे संपविली तर ती अर्धीच राहील. शासक घालविणे ही एक गोष्ट आणि स्वतः शासक झाल्यावर उतरणे ही दुसरी. २ फेब्रुवारी १९८७ रोजी लोकांनी नवी घटना मंजूर केली. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत, पुन्हा निवडणूक नाही. मार्शल लॉ साठ दिवसांपुरताच आणि संसदेला तो रद्द करण्याचा अधिकार. अक्विनोबाईंचे राज्य आदर्श नव्हते. लष्करी उठावांनी ते पोखरले, जमिनीच्या सुधारणा अपुऱ्या राहिल्या. परंतु १९९२ साली एक परीक्षा आली. त्या नव्या घटनेआधी सत्तेवर आल्या असल्याने मर्यादा त्यांना लागू होत नाही, असे सांगणारे लोक भेटले. तसा अर्थ काढता आला असता. त्यांनी तो काढला नाही. ३० जून १९९२ रोजी त्यांनी फिडेल रामोस यांच्या हाती अधिकार सोपविले. रामोस हे त्या कॅथोलिक देशाचे पहिले प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्ष होत.

याच रामोस यांच्या समर्थकांनी १९९७ साली घटना बदलून त्यांची मुदत वाढविण्याची मोहीम सुरू केली. रामोस कर्तबगार होते, अर्थव्यवस्था सावरत होती, मग काय बिघडले, असा युक्तिवाद होता. २१ सप्टेंबर १९९७ रोजी, मार्शल लॉच्या जाहीरनाम्याला पंचवीस वर्षे होत असताना, कार्डिनल सिन आणि अक्विनोबाई यांनी लुनेटा मैदानावर विराट प्रार्थनासभा घेतली. एडसावर जो मित्र होता त्याच्याचविरुद्ध ती होती. सभेच्या तोंडावर रामोस यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले आणि १९९८ साली ते वेळेवर पायउतार झाले. या वेळी भीती वेळेवर बोलली गेली, म्हणून रणगाड्यांसमोर गुडघे टेकण्याची पाळी आली नाही. वर्तमानपत्रांना त्या घटनेत नाट्य सापडले नाही. आमच्या मते मात्र एडसाचे खरे फळ तेच होय.

पुढील इतिहास आपल्याला गर्व करू देत नाही. २०१६ साली मार्कोस यांचा देह मनिलातील वीरांच्या दफनभूमीत सन्मानाने ठेवला गेला. २०२२ साली त्यांचे पुत्र त्याच नावाने उभे राहिले आणि प्रचंड बहुमताने राष्ट्राध्यक्ष झाले. त्या निवडणुकीपूर्वी बिशपांनी इतिहासाच्या विपर्यासाबद्दल सावध केले होते. अनेक तरुणांना मार्शल लॉ हा शिस्तीचा सुवर्णकाळ म्हणून सांगितला गेला होता. पुत्राला पित्याच्या पापाबद्दल दोषी धरणे न्यायाचे नव्हे, आणि मतदारांचा कौल हा कौलच असतो. परंतु पित्याने मोडलेली घटना जाऊन जी नवी घटना आली, तिने पुत्रालाही सहाच वर्षे दिली आहेत. राष्ट्राध्यक्ष कोण, कोणाचा कोण, हे ती विचारीत नाही. तिचे मोल त्यातच आहे.

वाचकहो, मनिला दूर आहे. परंतु खुर्चीचा मोह दूर नाही. मुदत संपल्यावर ‘माझ्यावाचून कसे चालेल’ हा प्रश्न राजवाड्यातच विचारला जातो असे नाही. सहकारी संस्था, शाळेचे मंडळ, धर्मग्रामाच्या समित्या येथेही तो ऐकू येतो. आम्हां धर्मगुरूंनाही ठराविक वर्षांनी बदलीचे पत्र येते. आजवर चार धर्मग्रामांच्या किल्ल्या आम्ही दुसऱ्याच्या हाती दिल्या आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगतो, एकदाही ते पत्र वाचून मनात ‘आणखी एक वर्ष मिळाले असते तर’ असे आले नाही असे झाले नाही. सभामंडपाचे काम अर्धे असते, मुलांचा प्रथम कम्युनियनचा वर्ग चालू असतो, कारणे खरीच असतात. मार्कोस यांनाही कारणे होतीच.

म्हणून आमच्या कुटुंबांनी आपल्या मुलांना एडसावरील फुले आणि रणगाडे यांची गोष्ट जरूर सांगावी. पण त्याबरोबर त्या ३५ कर्मचाऱ्यांचीही सांगावी. त्यांनी भाषण केले नाही, कोणाला शाप दिला नाही. आपल्या हातून भरला गेलेला आकडा बदलला जात आहे, हे दिसताच त्या जागेवरून उठल्या. नोकरी जाणार, कदाचित जीवही जाईल, हे त्यांना ठाऊक होते. सत्तेवरचा माणूस उठत नव्हता, त्या मात्र आपापल्या खुर्चीवरून उठल्या आणि मातेच्या देवळाच्या दिशेने रात्रीच्या अंधारात निघाल्या.